तीन नंबर

मंगळवार, रात्री साडेअकरा

एका अनोळखी काकांनी भाऊच्या धक्क्याला, लाँच सुटतात तिथे, कसं जायचं विचारलं. ‘तीन नंबर, स्लो, सँडहर्स्ट रोडला उतरा.’ एवढंच बोललो. दादरच्या मधल्या पुलावर, चालता चालता, नीट थांबूनसुद्धा नाही. काका ‘बरं’ म्हणाले, सुतळीने बांधलेला खोका उचलला आणि गर्दीत गेले. मी जिना उतरलो, वर नऊचा आकडा दिसला आणि पोटात गोळाच आला.

सेंट्रल रेल्वेला तीन नंबरचा फलाट आहे कुठे आता? ९ डिसेंबर २०२३ पासून नाही. वेस्टर्नचे एक ते सात तसेच राहिले, सेंट्रलचे आठ ते चौदा झाले. जुना एक तो आठ, जुना तीन तो नऊ. जुना दोन त्याआधीच गेला, एकचा फलाट रुंद करताना. हे मला माहीत नाही असं नाही. पाय रोज बरोबर नऊवर जातात. तोंडाला मात्र अजून तीनच येतं.

म्हणजे काका पाटी वाचत गेले असतील तर वेस्टर्नवर पोचले. वाईट हे की तिथे शंका यावी असं काही नाही. लोकलच येते, तशीच गर्दी. चर्चगेटची मिळाली असेल तर प्रभादेवी, लोअर परळ, महालक्ष्मी, आणि काका दारापाशी सँडहर्स्ट रोडची वाट बघत उभे. त्या लाइनवर ते येणारच नाही.

आईच्या रिपोर्टचं उद्या बघू. आज डोक्यात तीनच फिरतोय.

सीएसएमटीला व्हीटी म्हणणारे अजून आहेत, प्रभादेवीला एल्फिन्स्टन म्हणणारे तर ढिगाने. त्यांचं कुणाचं काही अडत नाही. जुन्या नावाने माणूस पोचतो, कारण ऐकणाऱ्याला दोन्ही नावं ठाऊक असतात. जुन्या नंबराने पोचत नाही, कारण त्या नंबरावर आता दुसरंच काहीतरी उभं असतं.

नीट सांगायला किती वेळ लागला असता? भाऊच्या धक्क्याला जायचं तर तिकीट थेट डॉकयार्ड रोडचं काढायचं, पाच रुपयांत होतं. नऊ नंबरवरून सीएसएमटीची स्लो. फास्ट नको. ती भायखळ्यानंतर थेट सीएसएमटीलाच थांबते, मग उलटं यावं लागतं. सँडहर्स्ट रोडला उतरून वर चढायचं, कारण तिथे मेन लाइन खाली आणि हार्बर लाइन डोक्यावर. वरून सीएसएमटीकडे जाणारी सोडून कुठलीही पकडायची. पनवेल असो, गोरेगाव असो, पुढचंच स्टेशन डॉकयार्ड रोड. तिथून धक्का किलोमीटरभर, पण रस्त्यात बंदराचे ट्रक, म्हणून सामान असेल तर टॅक्सी बरी.

आणि खोका घेऊन तो जिना चढवत नसेल तर सरळ भायखळ्याला उतरून टॅक्सी करावी. किंवा दादरहूनच बसने किंवा टॅक्सीने वडाळा स्टेशन गाठावं. वडाळ्याहून सीएसएमटीची कुठलीही गाडी चालते, गोरेगावकडून आलेली असो की पनवेलकडून, दोन्ही इथून एकाच रुळावर. शिवडी, कॉटन ग्रीन, रे रोड, डॉकयार्ड. जिन्याचा त्रास कमी, वेळ मात्र रस्त्याच्या हातात, आणि संध्याकाळी दादर ते वडाळा म्हणजे नशीब. मेट्रोचं सुचलं होतं. ऑक्टोबर २०२५ पासून ॲक्वा लाइन कफ परेडपर्यंत जाते, दादरहून सीएसएमटीला गार हवेत. पण तिथून परत हार्बरचा एक नाहीतर दोन नंबर गाठून तीन स्टेशनं मागे यायचं. खोक्यासकट कशाला.

हे सगळं एका मिनिटात सांगून झालं असतं. एक मिनिट नव्हतं माझ्याकडे. होतं, खरं तर. नऊवर जाऊन मी सहा मिनिटं उभाच होतो.

आणखी एक. त्यांनी लाँच कुठली विचारलं होतं का? हो. ‘मोऱ्याची लाँच तिथूनच ना?’ असं म्हणाले होते, मी फक्त मान हलवली. मोरा म्हणजे उरण. उरणला जानेवारी २०२४ पासून लोकल जाते! दादरहून कुर्ला, कुर्ल्याला हार्बर बदलून नेरुळ, तिथून उरण गाडी. उरणच्या गाड्या मोजक्या, वेळ बघून निघावं लागतं. पण लाँचलाही वेळ बघावीच लागते. ओहोटीला मोऱ्याच्या जेटीपाशी गाळात पाणी उरत नाही आणि फेऱ्या थांबतात. धक्क्यावर जाऊन तास-दीड तास बसायचं. मी भरती-ओहोटीचं विचारलं नाही, उरणच्या गाडीचं सांगितलं नाही, नंबर तर चुकीचाच दिला. एका वाक्यात तीन चुका. हिशेबाला तीनच सापडावा!

दादाला फोन करायचा राहिला.

वहिनीला सांगितलं तर ती हसली. म्हणाली, ‘दादरला तुझ्या एकट्याच्या भरवशावर कोण गाडी पकडतं? खाली आणखी दोघांना विचारलं असेल त्यांनी.’ तेही खरंच. पुलावर कुणी एकालाच विचारत नाही. पहिला सांगतो, दुसरा ‘नाही हो’ म्हणतो, तिसरा हाताला धरून नेतो. माझं काम पहिल्याचं होतं, ते मी चोख केलं. तिसरा भेटला असेल तर काकांनी भरतीही गाठली असेल. तिसरा पहिल्याबद्दल काय म्हणाला असेल, ते न ऐकलेलंच बरं.

उद्या कुणी विचारलं तर आधी थांबायचं. मग नऊ. नऊ, स्लो, खाली उतरून वर चढा. रविवार असेल तर दुरुस्तीचा ब्लॉक कुठे आहे तेही सांगायचं, कारण त्या पट्ट्यात असला की स्लो गाड्या फास्टच्या रुळावर घालतात आणि सँडहर्स्ट रोड गाळतात. मग भायखळाच.

नऊ. झोपताना एकदा मोठ्याने म्हणून बघितलं. तीनच आलं आधी.