क्रोमिसनी गोळा केला तो दिवस

त्या सकाळी मत्स्यालयातल्या मोठ्या टाकीपाशी गर्दी होती आणि ती आमच्याच लोकांची होती. व्यवस्थापक साहेब मोबाइल उभा-आडवा करत व्हिडिओ घेत होते. "जमलं एकदाचं तुमच्या माशांना," मला बघून ते म्हणाले. डाव्या कोपऱ्यात, वरच्या बाजूला, सगळे ग्रीन क्रोमिस एका गोळ्यात होते. एक वळला की सगळे वळत, आणि वळताना अंगावरचा हिरवा-निळा रंग एकदम पेटून विझत होता. दिसायला देखणंच. माझ्या मात्र पोटात गोळा आला.

साहेबांची जुनी तक्रार अशी, की हे मासे आले तेव्हा एकजुटीने फिरायचे, मग पांगले. लोक थवा बघायला येतात आणि त्यांना दिसतात इकडेतिकडे तरंगणारे सुटे मासे. नव्या टाकीत क्रोमिस एकमेकांना चिकटून राहतात ते घाबरून, हे मी त्यांना कितीदा तरी सांगितलं होतं. समुद्रात हा मासा अ‍ॅक्रोपोरासारख्या फांद्यांच्या प्रवाळावर वस्ती करतो, प्रवाहाबरोबर येणारे प्लवंग टिपतो आणि धोका दिसला की फांद्यांत घुसतो. टाकीत काही आठवडे कुणी अंगावर आलं नाही, की हळूहळू भीड चेपते आणि जो तो आपापला खडक धरतो. पांगलेला क्रोमिस म्हणजे निवांत क्रोमिस. इतके महिने निवांत असलेले मासे एका रात्रीत असे गोळा होतात, तेव्हा रात्री काहीतरी घडलेलं असतं.

लॉगबुक उघडलं. रात्रपाळीची नोंद : 'सर्व ठीक.' आमच्या लॉगबुकात रात्री नेहमीच सर्व ठीक असतं. गाळलेलं पाणी टाकीत परत सोडणारा रिटर्न पंप जळाला त्या रात्रीही होतं.

आधी पाणी. क्षारता रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५, तापमान २५.५ अंश, अमोनिया शून्य, ऑक्सिजन लिटरला ६.५ मिलिग्रॅम. ऑक्सिजनवर माझा संशय तसाही नव्हता. तो कमी पडला की मासे दाटीवाटीने राहत नाहीत. वर येतात, रिटर्नच्या धारेजवळ अंतर राखून उभे राहतात आणि तोंड उघडमीट करतात. इथे धार उजवीकडे होती आणि मासे डावीकडे.

मग व्हेल्वेट हा रोग. अ‍ॅमायलोडिनियम नावाचा त्याचा परजीवी आधी कल्ल्यांत शिरतो, अंगावर दिसेपर्यंत बऱ्याचदा उशीर झालेला असतो. त्याची पहिली खूण वागण्यातच दिसते : मासा उजेड टाळतो, प्रवाहात तोंड घालून राहतो, श्वास वाढतो. श्वास मोजायचा म्हणजे एक मासा धरून अर्धा मिनिट त्याच्या कल्ल्यांच्या झाकणाची उघडझाप मोजायची आणि दुप्पट करायची. ऐकायला सोपं आहे. गोळ्यातला मासा दोन सेकंदांत दुसऱ्याच्या मागे जातो आणि परत बाहेर येतो तो भलताच कुणी असतो. मला हे जमतं, कारण आमचे क्रोमिस मला एकेकटे ओळखू येतात. एकाच्या पाठीच्या पराचा तिसरा काटा वाकडा आहे, एकाच्या डोळ्याखाली खवला उडालाय, एकाची शेपटी वरच्या टोकाला इतकी कुरतडलेली आहे की त्याचं नाव फाटक्या पडलंय. नवी मुलं हसतात, पण त्यांच्या मोजणीवर मी विश्वास ठेवत नाही. पाच-सहा माशांचे श्वास मोजले, सगळ्यांचे नेहमीइतकेच. टॉर्च बाजूने तिरपी मारून बघितली. व्हेल्वेटची सोनेरी भुकटी अशाच उजेडात चमकते. अंग स्वच्छ.

राहिला हादरा. मासे एकमेकांशी मेळ राखतात तो नुसत्या डोळ्यांनी नाही. १९७६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे : सेथ या माशाच्या डोळ्यांवर झापडं बसवली, तरी तो थव्यात नीट पोहत राहिला, कारण अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेली पार्श्वरेखा पाण्याची हालचाल टिपत होती. म्हणजे एखाद्या पंपाचा इम्पेलर, म्हणजे आतलं फिरतं चाक, घासत असेल, तर आपल्याला ऐकू येण्याआधी माशांना तो अंगावर जाणवत असणार. लाटा करणारा वेव्हमेकर बंद केला, मग रिटर्न, मग फेसातून घाण काढणारा स्किमर. प्रत्येक वेळी थांबून पाहिलं. गोळा जागचा हलला नाही.

तोवर दारं उघडली होती. लोक काचेवर टकटक करत "नाचतायत बघ" म्हणत होते. काचेवर टकटक करू नये अशी पाटी टाकीवर आहे. ती बहुतेक टकटक कुठे करायची हे दाखवते.

यंत्रांचा नाद सोडून मी बाजूला उभी राहून नुसतं बघत बसले. गोळा दिवसभर सारखा घट्ट नव्हता. सकाळी दिवे हळूहळू वाढताना सर्वात घट्ट होता, दुपारी जरा सैलावला, संध्याकाळी दिवे उतरू लागले तसा पुन्हा आवळला. आणि काही झालं तरी टाकीच्या उजव्या टोकाकडे एकही मासा फिरकला नाही. खायला मायसिस, म्हणजे कोळंबीसारखे बारके जीव, टाकले ते प्रवाहाने उजवीकडे वाहून गेले आणि तळाला बसले. क्रोमिस मायसिस सोडतो हे मी आधी पाहिलेलं नव्हतं.

पहाट आणि तिन्हीसांज ही हेकरूची, म्हणजे ग्रूपर या शिकारी माशाची, शिकारीची वेळ. मागच्या सर्व्हिसच्या बोळात गेले. मोठ्या टाकीच्या उजव्या काचेला काळी फिल्म लावलेली होती, तिच्या कडेला मिठाचे पापुद्रे साठून गोंद सुटला होता आणि अर्धी फिल्म खाली लोंबत होती. काचेपासून हातभर अंतरावर होल्डिंगची, म्हणजे मासे तात्पुरते ठेवायची, टाकी. तिच्यात काल रात्री एक हेकरू आणून सोडला होता, कारण त्याच्या टाकीचं सिलिकॉन नव्याने भरायचं होतं. लॉगबुकात त्याची नोंद नाही. हेकरू काचेला नाक लावून शेजारच्या टाकीकडे एकटक बघत होता.

काळा कागद कापून काचेवर चिकटवला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गोळा विरला, मासे आपापल्या खडकांवर गेले, मायसिसवर तुटून पडले. कारण सापडलं, उपाय लागू पडला, फाइल बंद. पण मला ती बंद करता येत नाही ती फाटक्यामुळे.

हॅमिल्टनने १९७१ साली स्वार्थी कळपाची कल्पना मांडली : प्रत्येक प्राणी आपल्या आणि शिकाऱ्याच्या मध्ये दुसरा कुणीतरी असावा म्हणून आत सरकतो आणि त्यातून कळप घडतो. हे मी वाचलेलं होतं. गोळ्यात पाहिलं ते असं, की फाटक्या बरोबर मध्यभागी होता. एरवी त्याला खडकामागच्या सांदीतून बाहेर यायची सोय नव्हती. सगळ्यात मोठा क्रोमिस, ज्याला आम्ही दादा म्हणतो, त्याला दिसला रे दिसला की धावून जायचा. त्या दिवशी दादा त्याच्यापासून बोटभर अंतरावर होता आणि त्याने फाटक्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दोघं एकाच वेळी वळत होते. शत्रू काचेपलीकडे होता तोवर आतली भांडणं बंद होती. मी कागद लावला, मासे निवांत झाले आणि निवांत झाल्याबरोबर दादाने फाटक्याला पुन्हा सांदीत कोंबलं.

साहेबांना मात्र गोळा हवा होता. "कागद काढा ना. हेकरू तसाही काचेपलीकडे आहे, खाणार थोडाच?" मी सांगितलं की क्रोमिस प्लवंग टिपणारा मासा आहे, त्याला दिवसभर थोडं थोडं खावं लागतं, गोळ्यात अडकला की तो उपाशी राहतो. आणि हेकरू काही करत नाही हे माशांना आज ना उद्या कळेल, मग गोळा करणंही संपेल. लोकांना दाखवायला म्हणून मासे भीतीत ठेवायचे, हे मला पटत नाही. हे मी त्यांच्या तोंडावर बोलून गेले. साहेब म्हणाले, "बघू."

पुढे काही दिवसांनी फाटक्या सांदीच्या तोंडाशी मेलेला सापडला. पोटाच्या वर, दादाच्या चाव्यांच्या जागी, लालभडक चट्टा. खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली घेतलं तर थेंबाच्या आकाराचे जीव सैरावैरा पळत होते : युरोनेमा. क्रोमिस पाळणाऱ्यांचा जुना वैरी. हा माशावाचूनही जगतो, पाण्यातले जिवाणू खाऊन टाकीत राहतो आणि जखम मिळाली की आत शिरतो. मग मेला कशाने? युरोनेमाने, असं मी नोंदवहीत लिहिलं. सहकारी म्हणाला, "दादाने, असं लिहा ताई." कागद लावला नसता तर चावे थांबलेच होते, हे दोघांनाही माहीत होतं, पण ते कुणी बोललं नाही. कागद नसता तर सगळेच खाण्यावाचून खंगले असते, हेही तितकंच खरं. हेकरूला रोज तासभर दाखवून बाकी वेळ झाकायचं, असाही विचार करून पाहिला. किती भीती पुरेशी, हे कोण ठरवणार?

क्रोमिसचा थवा म्हणून विकत घेतात आणि मग तो एकेकाने कमी होत जातो, हे या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे, फक्त विकणारे सांगत नाहीत. सर्वात खालचा मेला की त्याच्या वरचा सर्वात खालचा होतो. दादाने आता डोळ्याखाली खवला उडालेला निवडलाय. त्याच्या शेपटीला काल पहिली चीर दिसली. त्याला वेगळं काढायचं म्हटलं तर होल्डिंगची टाकी हवी, आणि हेकरूच्या टाकीचं सिलिकॉन अजून वाळलेलं नसल्यामुळे तिथे हेकरू आहे.