पगारपत्रकात नसलेला रकाना

पगारपत्रकं करण्यात माझी निम्मी हयात गेली. हजेरी, भत्ते, कपाती, हातात पडणारी रक्कम, सगळ्याचे रकाने असतात. फक्त या माणसामुळे कंपनीला मिळाले किती, हा रकाना नसतो. तो भरायचा कसा हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि अप्रेझल आलं की सगळे साहेब तो तोंडपाठ असल्यासारखे बोलतात. त्यामुळे जेराल्ड स्कली या अमेरिकन अर्थतज्ज्ञाचा बेसबॉल खेळाडूंच्या पगारांवरचा 1974 चा शोधनिबंध हाती लागला, तेव्हा मी तो एका बैठकीत संपवला. बेसबॉलमधलं तेव्हा मला ओ की ठो कळत नव्हतं.

स्कलीनं तो रकाना भरून दाखवला. त्यानं 1968 आणि 1969 च्या हंगामांचे आकडे घेतले आणि हिशेब दोन टप्प्यांत मांडला. बॅटरचं स्लगिंग, म्हणजे फलंदाजीच्या दर संधीमागे तो सरासरी किती बेस (धावेच्या वाटेवरचे टप्पे) मिळवतो, आणि पिचरचं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचं, स्ट्राइकआउट (चेंडू खेळात न येताच फलंदाज बाद) व वॉक (वाईट चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट पहिला बेस) यांचं प्रमाण. या दोहोंमुळे संघाच्या विजयाचं प्रमाण किती हलतं, ते आधी काढलं. मग विजयाचं प्रमाण हललं की क्लबचं उत्पन्न किती हलतं, ते. विजयाचं प्रमाण हजारात एकानं वाढलं, तर क्लबच्या गल्ल्यात साधारण 10,000 डॉलर जास्त. आता एकेका खेळाडूला हे गुणक लावायचे, त्याला तयार करण्याचा वगैरे खर्च वजा करायचा आणि उरलेल्या रकमेशेजारी त्याचा पगार ठेवायचा.

सरासरी दर्जाच्या खेळाडूला त्यानं क्लबला मिळवून दिलेल्या निव्वळ रकमेतले सुमारे 20 टक्के मिळत होते. स्टार खेळाडूला सुमारे 15. सुमार खेळाडू उलट क्लबच्या अंगावर पडत होता. म्हणजे माणूस जितका कामाचा, तितकी त्याची लूट मोठी. (हे मी डायरीत लिहून ठेवलंय. ऑफिसात कुणाला दाखवलेलं नाही.)

याचं मूळ होतं 'रिझर्व्ह क्लॉज'मध्ये. कराराची मुदत संपली तरी खेळाडूवरचा हक्क क्लबकडेच राहायचा, दुसऱ्या क्लबशी बोलणी करायची सोयच नाही. मालकांचा युक्तिवाद असा की हे कलम काढलं तर श्रीमंत क्लब सगळे चांगले खेळाडू पळवतील आणि सामन्यांत राम उरणार नाही. सायमन रॉटेनबर्ग या अर्थतज्ज्ञानं 1956 मध्येच यातली हवा काढली होती. त्याचं म्हणणं, खेळाडू शेवटी जाणार तिथेच, जिथे त्याला सगळ्यात जास्त मोल आहे. कलम असेल तर मालक त्याला विकतो, नसेल तर तो आपल्या पायानं जातो. बदलतो तो पैशाचा खिसा.

बेब रूथ या गाजलेल्या खेळाडूचंच बघा. कलम अगदी जोरात असताना, 1919 च्या अखेरीस, बॉस्टनच्या मालकानं त्याला न्यूयॉर्क यँकीजला विकलं. 1949 ते 1953 अशी लागोपाठ पाच वर्षं यँकीजनीच वर्ल्ड सीरीज, म्हणजे हंगामाची अंतिम लढत, जिंकली, तीही कलमाच्याच राज्यात. आणि कलम मोडल्यावर? 1978 ते 1987 या दहा वर्षांत दहा वेगवेगळे विजेते. हे सगळं मोकळिकीमुळेच घडलं असा माझा दावा नाही, पण मालकांचा बागुलबुवा तेवढ्यापुरता तरी पोकळ निघाला.

ते मोडलं 23 डिसेंबर 1975 ला. अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली त्या हंगामात नव्या करारावर सही न करताच उतरले होते. लवाद पीटर सायट्झ यांनी दोघांना मोकळं ठरवलं. मालकांनी लगोलग सायट्झना घरचा रस्ता दाखवला. सरासरी पगार 1976 मध्ये 51,000 डॉलरच्या आसपास होता, तो 1980 मध्ये 1,43,000 च्या वर गेला.

स्कलीच्या हिशेबात मला खटकतं ते कर्ट फ्लडमुळे. वर्षाला 90,000 डॉलर घेणाऱ्या या खेळाडूला सेंट लुईस कार्डिनल्सनं 1969 मध्ये न विचारता फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. तो गेला नाही, कोर्टात गेला. 1972 मध्ये सुप्रीम कोर्टात 5 विरुद्ध 3 मतांनी हरला, तोवर त्याची कारकीर्दही आटोपली होती. मोकळिकीची वाट ज्यानं पाडली, त्याला तिच्यावरून चालता आलं नाही.

आता हा फ्लड म्हणजे सेंटर फील्डचा, मैदानाच्या मधल्या खोल भागाचा, राजा. 1963 ते 1969 क्षेत्ररक्षणासाठीचे सलग सात गोल्ड ग्लव्ह पुरस्कार, आणि 1966 च्या अख्ख्या हंगामात एकही चूक नाही. स्कलीच्या सूत्रात क्षेत्ररक्षणाला जागाच नाही. फ्लडनं पळत जाऊन पकडलेला चेंडू त्याच्या स्लगिंगमध्ये येत नाही हे उघड आहे, पण तो पिचरच्या नावावरही लागत नाही, कारण स्ट्राइकआउटमध्ये चेंडू सेंटर फील्डपर्यंत पोचतच नाही.