आमची वाटचाल : लादी, कार्पेट आणि जवळचा मिस्त्री

मुंबईत नवी लादी बसवणारे हवे तितके मिळतात. बसलेली लादी दुरुस्त करणारा मात्र शोधावा लागतो, आणि सापडला तरी त्याला यायचं नसतं. आमच्या फर्मचा सगळा धंदा या ‘यायचं नसतं’वर उभा आहे.

त्याला यायचं का नसतं, हे त्याच्या जागी उभं राहून बघावं. हजार फुटांचं नवं काम म्हणजे टोळीला चांगली बेगमी. दुरुस्ती म्हणजे हॉलमधल्या चार लाद्या, रिसेप्शनसमोर उसवलेला कार्पेटचा सांधा, नाहीतर जिन्याची टवका उडालेली कोटा पायरी. काम दोन तासांचं. त्यासाठी नालासोपाऱ्याहून कफ परेडला यायचं, तेही कटर, थापी, रबरी हातोडा घेऊन लोकलच्या मालडब्यातून. गेटवर वहीत नाव लिहायचं, वॉचमनला समजवायचं, लिफ्टमध्ये सामान घेऊ देत नाहीत म्हणून जिना चढायचा. इतकं करून चार लाद्यांचे स्क्वेअर फुटाच्या दराने किती सुटणार? मग तो फोनवर ‘उद्या नक्की’ म्हणतो. त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

आम्ही सुरुवात कार्पेटपासून केली. फोर्ट, बॅलार्ड इस्टेट, नरिमन पॉइंटच्या ऑफिसांना कार्पेट पुरवायचं आणि बसवून द्यायचं. तेव्हा चार मीटर पन्ह्याचा रोल, खाली फोम, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणून बसवायचं अशी पद्धत होती. टोळी एकच, विरारची, ती शहरभर फिरायची. परळच्या गाळ्यात एक टेबल, हिशेबाची वही हिच्याकडे, म्हणजे बायकोकडे, साइट माझ्याकडे. दुरुस्तीचे फोन यायचे तेव्हा टोळी त्या बाजूला जाईल त्या दिवसावर ते काम ढकललं जायचं. सगळ्या शहरात असंच चालायचं, अजूनही चालतं.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदीच्या काठावर कुर्ला, कालिना, बीकेसीत (वांद्रे-कुर्ला संकुलात) तळमजले पाण्यात गेले. पाणी ओसरल्यावर आमच्याकडे जो तो एकच विचारत होता, कार्पेट वाचेल का? ओलं कार्पेट एक-दोन दिवसांत बुरशी धरतं, आणि गटाराचं पाणी फोममध्ये मुरलं की धुण्यात अर्थ नसतो. ते कापून बाहेर काढायचं, खालचा कोबा धुऊन ब्लीचिंग मारायचं आणि पूर्ण वाळू द्यायचा. हे काम त्याच दिवशी व्हायला हवं. लोकल बंद, रस्ते तुंबलेले, आमची टोळी विरारला अडकलेली. कालिन्याची दोन ऑफिसं शेवटी कुर्ल्याच्या गादी-सोफ्याचं काम करणाऱ्या दोघा भावांनी रिकामी केली. चालत आले, कटरने कार्पेटच्या हातभर रुंदीच्या पट्ट्या पाडल्या, गुंडाळून खांद्यावरून बाहेर. अख्खं कार्पेट भिजल्यावर किती जड होतं, हे ज्याने उचललंय त्यालाच त्या पट्ट्यांमधली अक्कल कळेल.

त्या पावसाळ्यानंतर आम्ही शहराचे तुकडे पाडले. दुरुस्तीला माणूस त्याच भागातला हवा, फार तर अर्ध्या तासाच्या अंतरावरचा. कारण दुरुस्तीत परत जावंच लागतं. ग्राउट, म्हणजे सांध्यांतला मसाला, दुसऱ्या दिवशी भरायचा असतो, मोझॅकचं पॉलिश माल पुरता सुकल्यावर होतं, कार्पेटचा सांधा खुर्च्या फिरायला लागल्यावर एकदा बघावा लागतो. लांबचा माणूस हे सगळं एका फेरीत उरकू पाहतो आणि तिथेच कामाची माती होते.

आता हा जवळचा माणूस शोधायचा कुठे? जाहिरातीवर आमचा विश्वास नाही. आम्ही त्या भागातल्या हार्डवेअरच्या दुकानात जाऊन उभे राहतो. कोण चांगल्या प्रतीचं अॅढेसिव्ह मागतो, कोण नुसती सिमेंटची गोणी घेऊन जातो, कुणाची उधारी वेळेवर फिटते, हे दुकानदाराला तोंडपाठ असतं. सकाळी नाक्यावर उभ्या राहणाऱ्यांतही चांगले हात असतात, पण तिथून बिगारी घ्यावा, दुरुस्तीचा मिस्त्री नाही. मोठ्या सोसायट्यांचे मॅनेजर हा तिसरा रस्ता. त्यांच्याकडे कुणी डेब्रिज, म्हणजे तोडफोडीचा राडारोडा, जिन्यात टाकून पळाला त्याची यादी असते, आणि ती यादी शिफारशीपेक्षा कामाची.

माणूस सापडला की त्याच्या मोबाइलमधले फोटो आम्ही बघत नाही. ताजी लादी कुणाचीही सुंदर दिसते. पावसाळा काढलेलं एखादं काम दाखव म्हणायचं, तिथे जायचं आणि काठीने ठोकून बघायचं. भरीव लादी ‘टक्’ वाजते, पोकळ लादी ‘डब’ वाजते. नंतर एक लहान काम द्यायचं, शक्यतो उंबऱ्याजवळचं. दोन खोल्यांच्या लेव्हलमध्ये फरक असतो, दाराची चौकट आडवी येते, तुकडे कापावे लागतात. मधली फरशी कुणीही घालेल, कारागीर उंबऱ्याला कळतो.

मुलुंडचे आमचे मिस्त्री असेच सापडले. तिथल्या एका फ्लॅटमध्ये रात्री बॉम्ब फुटल्यासारखा आवाज झाला आणि हॉलमधल्या व्हिट्रिफाइडच्या दोन ओळी तंबूसारख्या वर आल्या. घरच्यांना वाटलं भूकंप झाला. प्रकार नेहमीचा आहे. व्हिट्रिफाइड लादी पाणी जवळजवळ पीतच नाही, शोषण अर्ध्या टक्क्याच्या आत, त्यामुळे नुसतं सिमेंटचं पाणी तिला धरून ठेवत नाही. त्यात ‘सांधा दिसायला नको’ म्हणून लाद्या एकमेकींना चिकटवून, भिंतीला भिडवून बसवलेल्या. उन्हाने फुगायला जागा नाही, की सगळा दाब मधोमध येतो आणि उचलते.

मिस्त्रींनी आल्या आल्या हातोडा काढला नाही. झाडूच्या दांडीने अख्खा हॉल ठोकत गेले आणि पोकळ वाजेल तिथे खडूने फुली. फुल्या बघून त्या घरच्या काकू म्हणाल्या, “अहो, फुटलेल्या चारच बदला ना, बाकीच्या छान आहेत.”

“काकू, छान दिसतायत. चिकटलेल्या नाहीत.”

मग त्यांनी उचललेल्या ओळीच्या कडेचा सांधा हातकटरने सरळ चिरला. दाब मोकळा झाल्याशिवाय पहिली लादी उपसली तर शेजारचीचा कोपरा उडतो, हे त्यांना कुणी सांगायची गरज पडली नाही. व्हॅक्यूम कप लावून एकेक लादी अलगद वर, पाठीमागचा माल छिन्नीने खरवडून भिंतीला टेकवली. अखंड लाद्या पुन्हा वापरल्या. अॅढेसिव्ह दातेरी थापीने ओढलं, दोन लाद्यांत फट राखणारे स्पेसर घातले आणि भिंतीकडेला पाच-सहा मिलिमीटर जागा सोडली. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते, दिसत नाही. अॅढेसिव्हला आयएस १५४७७ हे भारतीय मानक आहे. गोणीवर ते आणि त्याखालचा टाइप बघून घ्या, एवढंच आम्ही ग्राहकाला सांगतो.

प्रत्येक भागाची फरशी वेगळी, म्हणून प्रत्येक भागाचा माणूसही वेगळा. गिरगाव-भुलेश्वरच्या जुन्या चाळींत शहाबादी आणि मोझॅक, फोर्टच्या इमारतींच्या पॅसेजमध्ये नक्षीच्या सिमेंट लाद्या. १९२२ साली मुंबईत सुरू झालेल्या भारत फ्लोअरिंग्जसारख्यांच्या त्या लाद्या अजून पायाखाली आहेत आणि नीट पॉलिश केल्या तर आजच्या कुठल्याही लादीला लाजवतात. मोझॅकचा खड्डा भरायला पांढरं सिमेंट, रंग आणि दगडाची चिप यांचं मिश्रण जुन्याशी जुळवावं लागतं. ते हाताच्या अंदाजाचं काम. आमचे गिरगावचे मिस्त्री आधी तळहाताएवढा नमुना घालून, सुकवून, घासून दाखवतात आणि मगच पुढे जातात. तेच मिस्त्री लाकडी तुळयांच्या इमारतीत लादीवर लादी बसवायला साफ नकार देतात. मालक म्हणतो, तोडफोड नको, वरून घालून टाका. पण वरच्या थराचं सगळं वजन त्या जुन्या तुळयांवर येतं. अशा नकाराचे पैसे मिळत नाहीत, म्हणून आम्ही त्यांना पाहणीचे वेगळे पैसे देतो. काम मिळो न मिळो, बघायला गेला की पाहणीचे पैसे. ही रीत घातल्यापासून ‘सगळंच काढावं लागेल’ असं सांगून काम फुगवणारे आपोआप गळाले.

दराचंही तेच. दुरुस्तीला स्क्वेअर फुटाचा दर लावणं म्हणजे मिस्त्रीला घाई करायला सांगणं. आम्ही हजेरीवर जातो, अर्धी किंवा पूर्ण, आणि माल वेगळा. कागदावर चार ओळी लिहून घेतो: लादी कुणी आणायची, डेब्रिज खाली कोण नेणार, सोसायटीची परवानगी आणि डिपॉझिट कुणाचं, दुपारी ठोकाठोक बंद असते ते तास कुठले. भांडणं लादीवरून क्वचित होतात, डेब्रिजवरून हटकून होतात.

बीकेसी किंवा लोअर परळच्या ऑफिसात मात्र मुलुंडचा मिस्त्री एकटा आत जाऊच शकत नाही. तिथे जीएसटीचं बिल लागतं, कामगारांची डब्ल्यूसी पॉलिसी, म्हणजे कामावरच्या अपघाताचा विमा, लागतो, आदल्या दिवशी गेटपास लागतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा आमच्या बहुतेक ठेकेदारांची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या खूप खाली होती आणि कंपन्या बिलाशिवाय पैसे सोडेनात. म्हणून बिल आमचं, विमा आमचा, काम त्यांचं. खरं सांगायचं तर फर्म म्हणून आमचं मोल या कागदांत आहे. कंपनी पैसे दोन-तीन महिन्यांनी देते. ठेकेदाराला मात्र शनिवारी मिळतात. मधलं अंतर आम्ही सोसतो आणि त्याचा खर्च दरात धरतो. एका मोठ्या इंटिरिअर कंपनीने आमचं शेवटचं बिल ‘स्नॅग लिस्ट’च्या, म्हणजे राहिलेल्या बारीकसारीक दोषांच्या यादीच्या, नावाखाली वर्षभर लोंबकळवलं आणि अर्ध्यावर तडजोड करायला लावली. त्या शनिवारीही पाकिटं गेली. हिने त्यासाठी काय मोडलं, ते इथे लिहिलेलं तिला चालणार नाही.

कार्पेटचं काम आता बदललंय. रोलच्या जागी ५० बाय ५० सेंटिमीटरच्या टाइल आल्या. दुरुस्ती सोपी झाली असं वाटतं, आणि अर्धी खरंच झाली. डाग पडलेली टाइल काढायची, कपाटाखालची तिथे लावायची. पण नवीन टाइल आणून लावली तर दुसऱ्या डाय-लॉटची, म्हणजे रंगाच्या दुसऱ्या घाण्यातली, असल्यामुळे ती ठिगळ म्हणून उठून दिसते, आणि पाठीमागचा बाण न बघता लावली तर त्याच लॉटची असूनही वेगळ्या रंगाची भासते, कारण लव उलट्या दिशेला झुकते. रोलच्या कार्पेटला ठिगळ लावताना आमचे मूळचे भदोहीकडचे चाचा आधी तळहात फिरवून लव कुठे वळते ते बघतात, मग पट्टी ठेवून पाठीकडून कापतात म्हणजे धागे तुटत नाहीत. खाली सीमिंग टेप, वर इस्त्री, आणि इस्त्रीच्या मागोमाग दुसऱ्या हाताने दाब. दादर ते कुलाबा हा त्यांचा टापू. त्यापलीकडे ते जात नाहीत आणि आम्ही आग्रह करत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत ऑफिसं बंद, एसी बंद आणि वर पावसाळा. महिन्यांनी कुलपं उघडली तेव्हा कार्पेटवर पांढरट बुरशी आणि लॅमिनेटच्या, म्हणजे लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्यांच्या फरशीचे, सांधे फुगलेले. माणसं गावाला गेलेली. जी इथेच राहणारी होती त्यांनी आपापल्या भागातली कामं उचलली. एकालाही लोकलने जावं लागलं नाही, आणि तेव्हा सामान्य माणसाला लोकलमध्ये घेतही नव्हते. लॅमिनेटच्या बाबतीत तेव्हापासून आमचा एक नियम झाला. कोब्यावर प्लास्टिकचा चौकोन चारी बाजूंनी टेपने चिकटवायचा, २४ तासांनी उचलायचा, खाली दव दिसलं तर काम पुढे ढकलायचं. ग्राहक चिडतो. चिडू दे.

सध्या कुलाब्यापासून मुलुंडपर्यंत आणि पश्चिमेला बोरिवलीपर्यंत आमचे लादीवाले आहेत. कार्पेटला मात्र अंधेरीच्या पुढे भरवशाचा हात नाही, दहिसर-मीरा रोडची कामं आम्ही सरळ नाही म्हणून सोडतो. त्या बाजूला राहणारा, कार्पेटचं काम येणारा कुणी असेल तर परळच्या गाळ्यावर यावं. शनिवारी संध्याकाळी या, पाकिटं वाटायची असतात म्हणून आम्ही दोघंही हमखास असतो.