गैरसमज आधी प्रेक्षकाचा व्हायला हवा

तळ्याकाठी एक लहान मुलगी आणि 'तो' बसलेले असतात. ती एकेक फूल पाण्यात टाकते, फुलं तरंगतात. तोही टाकतो आणि हरखून जातो. मग त्याच्याजवळची फुलं संपतात. रिकाम्या हातांकडे बघता बघता तो मुलीलाच उचलतो आणि पाण्यात टाकतो. आतापर्यंत टाकलेलं सगळं तरंगलं होतं, तीही तरंगेल, एवढाच त्याचा हिशेब.

जेम्स व्हेलच्या १९३१ सालच्या 'फ्रँकेन्स्टाइन'मधला हा प्रसंग; 'तो' म्हणजे एका शास्त्रज्ञाने प्रेतांचे तुकडे जोडून जिवंत केलेला जीव. अमेरिकेत सेन्सॉरने पाण्यात टाकण्याचा भाग कापायला लावला. त्यामुळे पुढची कित्येक वर्षं लोकांनी पाहिलं ते असं: तो मुलीकडे हात नेतो, कट, आणि थोड्या वेळाने तिचा बाप तिचं कलेवर हातांवर घेऊन गावातून चालत येतो. मधली जागा प्रेक्षकाने आपल्या मनाने भरली, आणि अशा जागी मन वाईटातलं वाईटच भरतं. प्रसंग सौम्य करायला चालवलेल्या कात्रीने एका अजाण जिवाचा नराधम करून टाकला. तो तुकडा परत जोडला गेला १९८० च्या दशकात.

गैरसमजाची बळी ठरलेली पात्रं पडद्यावर उभी राहतात की कोसळतात, ते बरंचसं अशा ठिकाणी ठरतं. कोणती माहिती, कोणाच्या नजरेतून आणि कोणत्या क्रमाने दिली? अभिनय, मेकअप, पार्श्वसंगीत हे सगळं त्यानंतरचं.

याच चित्रपटात एक चूक मात्र सेन्सॉरची नाही, पटकथेचीच आहे. या जिवासाठी मेंदू आणायला गेलेला शास्त्रज्ञाचा मदतनीस चांगल्या मेंदूची बरणी फोडतो आणि गुन्हेगाराच्या मेंदूची बरणी उचलून आणतो. मेरी शेलीच्या १८१८ च्या मूळ कादंबरीत असलं काही नाही. तिथे तो जीव भिंतीच्या फटीतून एका कुटुंबाला बघत भाषा शिकतो, मिल्टनचं काव्य वाचतो आणि लोकांनी झिडकारल्यावर क्रूर होतो. मेंदूच मुळात गुन्हेगाराचा असेल, तर गावकऱ्यांचा गैरसमज झाला कुठे? त्यांचा अंदाज बरोबरच निघाला म्हणायचा. एवढ्या मोठ्या भोकावर ठिगळ लावलं ते ही भूमिका करणाऱ्या कार्लॉफच्या डोळ्यांनी. पापण्यांवर मेण चढवून त्या जड केल्या होत्या, त्यामुळे तो सतत नुकता जागा झाल्यासारखा, काहीच न उमगलेला दिसतो.

आता फ्लॅशबॅक. पात्र वाईट वागतं, प्रेक्षक त्याला नावं ठेवतात आणि मग करड्या रंगातलं त्याचं दुःखी बालपण दाखवलं जातं. हे सर्वांत सोपं आणि सर्वांत कमजोर हत्यार. फ्लॅशबॅकमध्ये कॅमेरा स्वतः साक्ष देतो, त्यामुळे शंकेला जागाच राहत नाही. पात्राने तोंडाने सांगितलं तर ऐकणाऱ्याला ठरवावं लागतं, हा खरं बोलतोय का?

'गेम ऑफ थ्रोन्स'च्या तिसऱ्या सीझनमधला (२०१३) जेमी लॅनिस्टरचा न्हाणीघरातला प्रसंग त्यासाठी पुन्हा पाहण्यासारखा आहे. पहिल्याच भागात हा माणूस एका लहान पोराला खिडकीतून ढकलतो. दोन सीझन आपण त्याला राजाचा खुनी म्हणून ओळखतो. मग त्याचा तलवारीचा हात तुटतो, आणि त्यानंतर तो गरम पाण्यात बसून ब्रिएन या स्त्री-योद्ध्याला सांगतो की राजाला का मारलं: तो वेडा राजा अख्खं शहर जाळायला निघाला होता. फ्लॅशबॅक एकही नाही. वाफ, तुटका हात, चेहरा आणि समोर ऐकणारी बाई, जिचं मत आपल्याइतकंच वाईट होतं. तिचा चेहरा बदलतो तसतसा आपला निकालही बदलतो. शेवटी तो भोवळ येऊन पडतो, ती मदतीसाठी हाक मारताना त्याला 'किंगस्लेअर'च, म्हणजे राजाचा खुनीच, म्हणते, आणि तो आपलं नाव सांगतो, जेमी. यात खिडकीतून पडलेलं पोर बरं होत नाही, हे फार महत्त्वाचं. वाल्याचा वाल्मीकी झाला तरी मेलेले वाटसरू परत येत नसतात.

'हॅरी पॉटर'मधल्या स्नेप या खडूस शिक्षकाच्या बाबतीत चित्रपटांनी अर्धं काम फार उत्तम केलं आणि अर्धं गोड करून टाकलं. उत्तम भाग पहिल्याच चित्रपटात (२००१) आहे. हॅरीचा झाडू हवेत बेभान होतो, हर्मायनी दुर्बिणीतून बघते तर स्नेप एकटक बघत काहीतरी पुटपुटतोय. आपण दुर्बिणीतून बघतो, म्हणजे मुलांच्या नजरेतून, आणि मुलांचीच चूक करतो. खरा गुन्हेगार, दुसरा शिक्षक क्विरल, त्याच गर्दीत असतो; स्नेप उलट हॅरीला वाचवत असतो. इथे गैरसमज पात्रांबरोबर आपलाही झाला, म्हणून उलगडा झाल्यावर थोडी लाज आपल्याही वाट्याला येते. लेखिकेने अ‍ॅलन रिकमन या स्नेप साकारणाऱ्या नटाला पात्राच्या गुपिताचा (हॅरीच्या आईवर, लिलीवर, त्याचं प्रेम होतं) धागा खूप आधीच देऊन ठेवला होता. वाक्याच्या मध्ये नको तिथे थांबणारे त्याचे ते विराम सगळं माहीत झाल्यावर पुन्हा पाहिले, की वेगळे ऐकू येतात.

बिघडलं ते वयात आणि वगळलेल्या एका शब्दात. पुस्तकात स्नेप सुरुवातीला एकतिशीचा आहे. त्याच्याच वयाचे हॅरीचे आईवडील, लिली आणि जेम्स, गेले तेव्हा एकवीस वर्षांचे होते. पहिला चित्रपट आला तेव्हा रिकमन ५५ वर्षांचा होता. तिशीतला माणूस जेम्सने शाळेत केलेला अपमान त्याच्या पोराच्या अंगावर काढतो, तेव्हा तो कोतेपणा समजतो, जखम अजून ओली दिसते. पंचावन्नच्या चेहऱ्यावर तीच गोष्ट भारदस्त दुःख होऊन बसते. आणि पुस्तकात लिलीशी मैत्री तुटते ती स्नेपच्या तोंडून निघालेल्या जातिवाचक शिवीमुळे. पाचव्या चित्रपटात (२००७) त्या आठवणीतला जेम्सने केलेला स्नेपचा छळ तेवढा राहिला, लिली आणि ती शिवी गळाली. वर २०११ च्या शेवटच्या चित्रपटात स्नेप लिलीचा मृतदेह कवटाळून रडतो असं दृश्य घातलं, जे पुस्तकात नाही. मरताना आठवणी पुस्तकात त्याच्या तोंडातून, कानांतून, डोळ्यांतून वाहतात. पडद्यावर फक्त अश्रू उरले. स्वतःच्या हाताने सगळं घालवून बसलेला माणूस होता, त्याचा एकतर्फी प्रेमवीर झाला. रडू जास्त येतं हे खरं, पण शोकांतिका पातळ झाली.

पात्राला असं धुऊन स्वच्छ करण्याचा दुसरा तोटा असा की खलनायकाची खुर्ची रिकामी राहत नाही. झोपलेल्या राजकुमारीच्या गोष्टीतल्या दुष्ट परीची बाजू मांडणाऱ्या 'मॅलेफिसंट'मध्ये (२०१४) परीचे पंख कापले गेले आणि ती पीडित ठरली, तर राजा पार एकरंगी दुष्ट होऊन त्या खुर्चीत बसला. त्या चित्रपटाला सावरणारी गोष्ट एकच: बाळाला शाप तिनेच दिलाय, पुढे तोच मागे घ्यायला ती धडपडते आणि तिचेच शब्द इतके पक्के असतात की तिला तो फिरवता येत नाही. 'गेम ऑफ थ्रोन्स'मधल्या डेनेरिस राणीचं उलटं झालं, नायिकेची खलनायिका झाली. आठव्या सीझनचे (२०१९) भाग सहाच. शहर शरण आल्याच्या घंटा वाजतात, तिच्या चेहऱ्याचा क्लोजअप येतो, ती ड्रॅगनवरून झेपावते, आणि शहर जळत असताना कॅमेरा खाली रस्त्यावरच राहतो. त्या भागात तिचा चेहरा परत दिसत नाही. ज्या पाच मिनिटांत तिला समजून घ्यायचं, नेमकी तीच गायब.

सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या गॉलमची; जादूच्या अंगठीच्या हव्यासाने बिघडलेला हा मूळचा एक हॉबिट, म्हणजे बुटक्या जमातीतला. 'द टू टॉवर्स'मध्ये (२००२) तो स्वतःशी बोलतो तेव्हा आधी कॅमेरा न तोडता एका बाजूकडून दुसरीकडे सरकतो. मग नकळत कट सुरू होतात, दोन माणसं समोरासमोर बसल्यासारखे. एका देहात दोघे राहतात हे समजावायला एकही संवाद खर्ची पडत नाही. इतकं साधलेल्या मंडळींनी तिसऱ्या चित्रपटात (२००३) जिन्यावर मात्र लेंबासच्या चुऱ्याचं कारस्थान घातलं: गॉलम झोपलेल्या सॅमच्या अंगावर या शिदोरीच्या रोटीचा चुरा टाकतो, आणि सॅमनेच ती खाल्ली असं वाटून त्याचा मालक फ्रोडो त्याला हाकलतो. कादंबरीत त्याच जिन्यावर दोघे झोपलेले असताना गॉलम परततो, त्यांच्याकडे बघत राहतो आणि थरथरता हात हलकेच फ्रोडोच्या गुडघ्यावर ठेवतो. त्या क्षणी तो फक्त एक थकलेला म्हातारा हॉबिट असतो. तेवढ्यात सॅमला जाग येते आणि तो तडकतो. कथेतला बहुधा सर्वांत शोकात्म क्षण हाच, असं टोल्किननेच एका पत्रात लिहिलं आहे.

चुऱ्याच्या कारस्थानाने भांडण उघड दिसतं, पटकथेला ते सोयीचं. पण तो जिना चार शॉटमध्ये बसला असता. आधी गॉलमचा चेहरा, पुरेसा लांबवर धरलेला, संगीत पूर्ण बंद. मग गुडघ्याजवळ जाणारा हात. मग फ्रोडो झोपेत कण्हतो. आणि शेवटी सॅमच्या डोळ्यांच्या पातळीवरून, त्याच्या अर्धवट झोपेतून: पाठमोरा गॉलम, मालकावर वाकलेला, पंजा त्याच्या अंगावर. सॅमने तेवढंच पाहिलं.