उपास कोणासाठी केला?

इ.स.पू. ५१८ च्या सुमाराला बेथेलहून काही माणसं यरुशलेमेतल्या याजकांकडे एक साधा प्रश्न घेऊन आली. मंदिर पडल्याची आठवण म्हणून पाचव्या महिन्यात उपास करायची रीत होती. आता मंदिर पुन्हा उभं राहतंय, मग हा उपास चालू ठेवायचा की सोडायचा? बायबलमधल्या जखऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकात, सातव्या अध्यायात, याचं उत्तर आहे, पण त्यात ‘करा’ही नाही आणि ‘सोडा’ही नाही. देव उलटाच प्रश्न टाकतो: गेली सत्तर वर्षं उपास केलेत, ते माझ्यासाठी केलेत का?

प्रायश्चित्तकाळ, म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपासाचा काळ, आला की आपल्या ख्रिस्ती घरांतही प्रश्न सुरू होतात. अंडं चालतं का? सुकट चालते का? रविवार धरायचा की नाही? बेथेलकरांना मिळालेला प्रश्न मात्र कोणी कोणाला विचारत नाही.

आधी नियम नीट बघू, कारण तो लोकांना वाटतो त्यापेक्षा फारच लहान आहे. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणे सक्तीच्या उपासाचे दिवस वर्षात फक्त दोन: राखेचा बुधवार (प्रायश्चित्तकाळाचा पहिला दिवस) आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे). वयाची १८ वर्षं पूर्ण झाल्यापासून साठावं लागेपर्यंत तो बंधनकारक. त्या दिवशी एक पूर्ण जेवण घ्यायचं आणि दोनदा थोडंसं खायचं. ती दोन्ही खाणी मिळून पूर्ण जेवणाएवढी होता कामा नयेत. मांस वर्ज्य करण्याचा नियम १४ वर्षं पूर्ण झाल्यापासून, आणि प्रायश्चित्तकाळातले शुक्रवारही त्यात येतात. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत ४६ दिवस होतात. सहा रविवार वजा केले की चाळीस. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, म्हणून त्या दिवशी उपास नाही. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत बहुतेक ठिकाणी एवढंही बंधन नाही. ज्याने त्याने आपलं ठरवायचं.

संपला नियम. आता तो हातात आल्यावर आपण त्याचं काय करतो ते बघा. मांसात मासे येत नाहीत. म्हणून शुक्रवारी मटण बंद, आणि त्याच ओट्यावर पापलेटाच्या तुकड्या रव्यात घोळवल्या जातायत, बाजूला कोळंबीचं कालवण उकळतंय. कोंबडीपेक्षा पापलेट महाग, हे गिऱ्हाईकालाही ठाऊक आणि कोळणीलाही. नियम मोडला का? अजिबात नाही, शंभर टक्के पाळला. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण फक्त साबुदाण्याच्या खिचडीपुरती नाही.

लूकच्या शुभवर्तमानात, अठराव्या अध्यायात, एक परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस, मंदिरात उभा राहून सांगतो, मी आठवड्यातून दोनदा उपास करतो. मोशेच्या नियमशास्त्रात सगळ्यांसाठी ठरवून दिलेला उपास वर्षातून एकच, प्रायश्चित्ताच्या दिवशीचा. म्हणजे मागणी एकाची आणि हा करतो शंभरावर! येशू त्याला खोटारडा म्हणत नाही, हिशेब बरोबरच आहे. घोटाळा त्या प्रार्थनेच्या घडणीत आहे. सुरुवातीला ‘हे देवा’ आहे, पुढे सगळं ‘मी’. देवाकडे मागणं असं एकही नाही, आणि नजर दूर उभ्या असलेल्या जकातदारावर. ही खूण आपल्यालाही वापरता येते. उपासाच्या दिवशी आपण दुसऱ्याच्या ताटाकडे किती वेळा बघितलं, ते संध्याकाळी आठवून पाहावं.

मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात पुदिना, शेप आणि जिरे यांच्या दशांशाचा उल्लेख आहे. मूठभर जिऱ्यातला दहावा वाटा काढायला बसलेला माणूस डोळ्यांपुढे आणा. हात थरथरू नये म्हणून श्वास धरलेला, आणि दारात विधवा उभी आहे ती दिसत नाही. पण त्याच वाक्याचा शेवट लोक विसरतात. न्याय, दया आणि विश्वास हे करायचं होतं, आणि तेही सोडायचं नव्हतं, असं येशू म्हणतो. दशांश बंद करा, असं तो म्हणालेला नाही.

म्हणून ‘आमचं देवाशी थेट नातं आहे, नियम-बियम आम्हाला नकोत’ हे वाक्य मला तितकंच संशयास्पद वाटतं. त्याचा व्यवहारातला अर्थ बहुधा ‘मन झालं तर प्रार्थना’ असा निघतो, आणि मन होत नाही. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे. येशू शब्बाथ दिवशी आपल्या परिपाठाप्रमाणे सभास्थानात गेला, असं लूक लिहितो. परिपाठ हा शब्द महत्त्वाचा.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण या दोन्ही टोकांना उत्तर देतं. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर तिथल्या मठातल्या सिस्टर जेरल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी स्पष्ट बजावलं की, इथल्या पुरोहितांचं जोखड उतरवून आले ते तसंच दुसरं मानेवर घ्यायला नव्हे. खाण्यातला शाकाहार मात्र त्यांनी तिथेही सोडला नाही. पुढे आपल्या साक्षीत त्या लिहितात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. तोवर विधवांसाठी काढलेलं त्यांचं शारदा सदन सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. म्हणजे कामात काही कमी नव्हतं. आणि ख्रिस्त सापडल्यावर शिस्त सैल झाली का? केडगावला बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं. मृत्यूपूर्वी, १९२२ मध्ये, ते काम पुरं केलं. ‘मन झालं तर’ या पद्धतीने लेवीयासारख्या नियमांनी भरलेल्या पुस्तकाचं भाषांतर होत नाही.

लेवीय म्हणताना वर्षभरात बायबल वाचायच्या योजनाही आठवतात. अध्याय एकूण ११८९, म्हणजे रोज तीन-चार. उत्पत्ती आणि निर्गम भराभर जातात, जानेवारी संपता संपता गाडी लेवीयात रुतते. चार दिवस बुडाले की बारा-तेरा अध्यायांची थकबाकी. मग माणूस वाचत नाही, खुणा करत सुटतो. थकबाकी सरळ माफ करून टाकावी आणि आजच्या तारखेचं वाचावं. तेही जमत नसेल तर मार्कचं शुभवर्तमान घ्यावं. सोळाच अध्याय आहेत. मोठ्याने वाचलं तरी दोन तासांच्या आत संपतं.

उपासाचंही तसंच. एकच गोष्ट निवडा, पाच नकोत. दुपारचं जेवण सोडणार असाल तर त्याची वाचलेली अर्धी-पाऊण तासाची वेळ आधीच राखून ठेवा, नाहीतर ती मोबाईलमध्ये जाते आणि उरते नुसती भूक. त्या वेळेत एक स्तोत्र सावकाश वाचा: पश्चात्ताप असेल तर ५१ वं, तक्रार असेल तर १३ वं. तक्रार चालते; तेरावं सुरूच होतं ‘किती वेळ’ या प्रश्नाने. जेवणाचे वाचलेले पैसे कुठे जाणार तेही पहिल्याच दिवशी ठरवा. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देवाला हवा असलेला उपास म्हणजे आपली भाकर भुकेल्याला वाटून देणं.

चहा सोडणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. पहिले दोन-तीन दिवस डोकं दुखतं आणि चिडचिड घरच्यांवर निघते. ती साधना नव्हे, कॅफिन तुटल्याचा त्रास आहे. आठवडाभर आधीपासून एकेक कप कमी करत यावं. इन्सुलिन घेणारे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, क्षयाची औषधं चालू असलेले यांनी जेवण सोडूच नये. आजाऱ्याला चर्चही भाग पाडत नाही. त्यांनी दुसरं काही सोडावं.

आणि उपास मोडला तर? एकदा मोडला म्हणून रात्री सगळंच हाणायचं, असं जिथे होतं तिथे आपण देवाशी हिशेबाची वही चालवतोय असं समजावं. बिघडलेलं पान फाडून टाकायची घाई वहीवाल्यालाच असते. नाहीतर जे झालं ते देवाला दोन वाक्यांत सांगता येतं आणि उरलेला दिवस तसाच पुढे नेता येतो.

काही वेळा तो मोडावाच लागतो. उपास करताना डोक्याला तेल लाव, तोंड धू, म्हणजे लोकांना कळायचं नाही, असं मत्तयाच्या सहाव्या अध्यायात सांगितलंय. समजा साध्या मंगळवारी तुम्ही आपणहून उपास धरलाय, आणि ऑफिसात कोणाच्या तरी मुलीचा निकाल लागला म्हणून पेढा पुढे आला. ‘नको, माझा उपास आहे’ म्हणालात की चार टेबलांना कळलं. त्यापेक्षा पेढा खावा, मुलीला किती टक्के पडले ते विचारावं, आणि त्याबदल्यात संध्याकाळची भजी गुपचूप सोडावी.