एल्कच्या शिकारीआधीचे पंधरा दिवस

२७ सप्टेंबर, फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो (अमेरिका)

आज नेमबाजीच्या मैदानावर मी माझी मर्यादा ठरवली. दोनशे यार्डांच्या, म्हणजे साधारण १८० मीटरच्या पलीकडे मी गोळी झाडणार नाही. टेबलाशी बसून, वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून नेम धरला की शंभर यार्डांवर माझ्या पाचही गोळ्या तीन इंचांच्या आत पडतात, आणि गेले दोन महिने मी त्यावर समाधानी होतो. चाळीस वर्षे एल्कच्या, म्हणजे इथल्या मोठ्या हरणाच्या, शिकारीला जाणाऱ्या माझ्या शेजाऱ्यांनी आज मला रायफल टेबलावरच ठेवायला सांगून बाहेरच्या चढावर दोनदा धावायला लावले आणि मग, धाप लागलेली असतानाच, गुडघ्यावर बसून दोनशे यार्डांवर नेम धरायला सांगितला. गोळ्या दहा इंचांत पसरल्या. एल्कच्या पुढच्या पायामागे हृदय आणि फुप्फुसे यांची जागा जेमतेम एका जेवणाच्या ताटाएवढी असते. त्याबाहेर लागलेली गोळी म्हणजे जखमी होऊन रानात तासन्‌तास भटकणारे जनावर. प्रत्यक्ष डोंगरात तीन हजार मीटरच्या उंचीवर हवा याहून विरळ असेल. त्यामुळे समोर कळप दिसत असूनही अंतर जास्त असेल तर बोट रायफलीच्या चापावरून काढून घ्यायचे, याचा सराव मला नेमाइतकाच करायला हवा.

माझा परवाना मादीचा आहे. एप्रिलमध्ये अर्ज केला तेव्हा नवशिक्याला मिळण्याची शक्यता जास्त म्हणून तो मागितला, पण त्यानंतर एका प्रश्नाने माझी पाठ सोडली नाही : तिच्यासोबत पिल्लू असेल तर? पिल्ले मेअखेरीस आणि जूनमध्ये जन्मतात. आमचा पहिला रायफल हंगाम ऑक्टोबरच्या मध्यावर पाचच दिवसांचा असतो, आणि तोपर्यंत पिल्लू चार महिन्यांचे होऊन चरू लागलेले असते, कळपाबरोबर राहून आईविना जगू शकते. हे उत्तर खरे आहे आणि मला ते पटतेही, परंतु त्याने प्रश्न मिटत नाही. सप्टेंबरच्या माजानंतर बहुतेक माद्या पुन्हा गाभण असतात, हेही मी जाणतो. परवान्यांची संख्या कळपाचा अंदाज घेऊन ठरवली जाते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाजारासाठी झालेल्या बेसुमार शिकारीमुळे कोलोरॅडोतून एल्क जवळजवळ नाहीसे झाले होते आणि शेजारच्या वायोमिंगमधून आणून सोडावे लागले होते. आज येथे अडीच लाखांहून अधिक एल्क आहेत. हा सारा हिशेब मान्य करूनही, माझ्या गोळीने पडणारी मादी ही एकच असेल, याचा विचार मला करावासा वाटतो.

४ ऑक्टोबर

सायंकाळी बाबांचा साताऱ्याहून फोन आला. कोयनेच्या रानाकाठी माझे बालपण गेले, रात्री सांबराची हाक ऐकतच झोप लागायची, आणि तेथे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा विचारही कुणाच्या मनात येत नसे. त्यामुळे मी शिकारीला जाणार हे सांगितल्यावर बाबा रागावतील असे मला वाटले होते. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी विचारले, "एवढं मोठं जनावर पडलं तर गाडीपर्यंत आणणार कसं?"

गावात बोकड कापून वाटे घालण्याचे काम ज्यांनी आयुष्यभर पाहिले, त्यांनाच हा प्रश्न आधी सुचतो. मादी सव्वादोनशे किलोंची भरते. हाडे काढली तरी सत्तर-ऐंशी किलो मांस निघते, आणि ते चार-पाच किलोमीटर पाठीवरून आणायचे असते. मांस वाया जाऊ देणे हा येथे गुन्हा आहे : चारही पाय, पाठीचे आणि कमरेच्या आतले मऊ मांस काढून घ्यावेच लागते. मादी असल्याची शारीरिक खूण मांसाच्या भागाशी नैसर्गिकरीत्या जोडलेली ठेवायची असते, आणि परवान्याचा तुकडा तारीख घालून, सही करून लगेच जनावराला बांधायचा असतो. डोकेही बरोबर आणणार आहे, कारण प्रायॉन या बिघडलेल्या प्रथिनामुळे हरणांच्या मेंदूला होणाऱ्या आजाराची चाचणी त्यातील लसिकाग्रंथींवर केली जाते. हा आजार १९६७ मध्ये सर्वप्रथम इथल्याच, फोर्ट कॉलिन्समधल्या बंदिस्त हरणांत आढळला होता.

म्हणून गेले तीन आठवडे मी पाठीवरच्या पिशवीत तांदळाची दोन छोटी पोती घालून, म्हणजे अठरा किलो घेऊन, रोज सकाळी टेकडी चढतो. आजपासून तिसरे पोते वाढवले आहे.

११ ऑक्टोबर, फ्लॅट टॉप्स डोंगरांच्या पायथ्याशी

दोन दिवस नुसते पाहायला आलो आहे. अ‍ॅस्पनच्या झाडांची पाने गळून पायवाटांवर पिवळा थर साचला आहे. उत्तरेकडच्या उतारावरील दाट सूचिपर्णी झाडीत एल्क दिवसभर बसतात आणि पहाटे व सायंकाळी मोकळ्या कुरणात उतरतात, असे वाचले होते. आज पहाटे दुर्बिणीतून नऊ माद्या आणि दोन पिल्ले झाडीकडे परतताना पाहिली. मी वरच्या कड्यावर होतो. पहाटेची थंड हवा उतारावरून खाली वाहते, याचा मला विसर पडला होता. माझा वास त्यांच्यापर्यंत पोहोचला असावा, कारण पुढची मादी थबकली, तिने मान वर करून सरळ माझ्या दिशेने पाहिले आणि क्षणार्धात सारा कळप झाडीत गडप झाला. ऊन चढल्यावर हीच हवा उलटी, खालून वर वाहू लागते. म्हणजे पहाटे मला कुरणाच्या खालच्या बाजूला बसायला हवे आणि नऊ वाजायच्या आत जागा बदलायला हवी. आज दिवसभर मी वाऱ्याची दिशा कळावी म्हणून पावडरीची बाटली दाबत तिचा धूर कुठे जातो ते वहीत लिहीत राहिलो.

शनिवारी सूर्योदयापूर्वी अर्धा तास असताना हंगाम सुरू होईल. केशरी जाकीट आणि टोपी बॅगेत वर ठेवली आहेत, सुऱ्यांना धार लावून झाली आहे. बाबांना आत्ताच निरोप पाठवला की खालून बसणार आहे, वरून नाही. त्यांचे उत्तर आले : "दोरी जादा घे."