टेसच्या आलेखातली फसवी खाच

टेस या ग्रह शोधणाऱ्या अवकाश दुर्बिणीच्या डेटात ताऱ्याची चमक घटली, म्हणजे आलेखात खाच पडली, की लगेच ग्रह सापडला म्हणून नाचू नका. टेसचा एक पिक्सेल म्हणजे आकाशातले 21 विकला (1 विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग). त्यात शेजारचे दोन-चार तारे सहज मावतात. त्यांतली एखादी एकमेकांना ग्रासणाऱ्या ताऱ्यांची जोडी असली, तर तिची मोठी घट तुमच्या ताऱ्याच्या प्रकाशात पातळ होऊन 1 टक्का उरते. हुबेहूब गुरूएवढा ग्रह!

सम आणि विषम क्रमांकाच्या खाचा वेगळ्या काढून एकमेकींवर ठेवा. खोलीत स्पष्ट फरक दिसला, तर बहुधा जोडीच. मग खाचेबाहेरच्या प्रतिमेतून खाचेतली प्रतिमा वजा करा. उरलेला ठिपका तुमच्या ताऱ्यापासून सरकलेला असेल, तर विषय संपला.

आणि हो, खराब गुणवत्तेची खूण लागलेल्या नोंदी आधीच गाळा. पृथ्वीचा विखुरलेला प्रकाश टेसच्या 13.7 दिवसांच्या कक्षेच्या तालावर घोळ घालतो.